गुडघेबाईच्या दोन चिठ्ठ्या

माझ्या ताईला अख्खा बाजार गुडघेबाई म्हणतो. हे नाव मी पाडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पाडलं असतं तर छातीठोकपणे कबूल केलं असतं. झालं असं, की ताई सहलींच्या बुकिंगच्या ऑफिसात बसते आणि आलेल्या माणसाला ती "कुठं जायचंय?" असं कधीच विचारत नाही. ती विचारते, "घरात गुडघे कोणाचे दुखतात?" माणूस बावचळतो. बिचारा समुद्राची स्वप्नं बघत आलेला असतो आणि इथं दवाखान्यात शिरल्यासारखं होतं. मग त्याला आठवतं, की हो, आईचे दुखतात. "आई बरोबर येणार आहे की नाही?" हा दुसरा प्रश्न. इथं निम्मे नवरे बायकोकडे बघतात, आणि ताईला जे समजायचं ते समजतं.

ऑफिस म्हणजे एक खोली. खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर आम्ही. दोन टेबलं, भिंतीवर सहलींच्या रंगीत पत्रकांचे कप्पे, आणि एक पंखा, जो सगळीकडे वारा देतो, फक्त माझ्याकडे आला की मान फिरवतो. ताई तिथं बत्तीस वर्षं आहे, मी एकवीस. ती माणसं बघते, मी तिकिटं बघते. तिची जीभ गोड आणि माझी कशी, ते तुम्हाला कळेलच.

वर यायला लाकडी जिना आहे, एकोणीस पायऱ्यांचा. ताईचं अर्धं काम तो जिनाच करतो. कुणी चढायला लागलं की ती पेन खाली ठेवते आणि कान देते. "दोघं आहेत. तो पुढं गेला आणि आता तिच्यासाठी थांबला. नवीन लग्न आहे." किंवा, "तीन पिढ्या आल्यात गं. मधल्याला घाई, म्हाताऱ्याला दम. डोंगर बाद." दार उघडतं आणि बघावं तर अगदी तस्सं. एकवीस वर्षांत मी तिला फार तर चारदा चुकताना पाहिलंय, आणि त्यातला एक जण तर विजेचं मीटर बघायला आलेला होता.

मग तिचे बाकीचे प्रश्न. सकाळी घरात सगळ्यात आधी कोण उठतं? जेवायला उशीर झाला तर चिडतं कोण? परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर जायचंय का? पैशाचं ती सगळ्यात शेवटी विचारते, पण तिथं मात्र ती हलत नाही. "दुखण्याखुपण्यासाठी ठेवलेला पैसा सहलीला लावणार असाल तर मी बुकिंग करणार नाही," असं तोंडावर सांगते. मालकांनी एकदा तिला समजावून पाहिलं होतं, की बाई, धंदा आहे हा. ती म्हणाली, "मग दुसरी बाई ठेवा." मालक खाली उतरले ते थेट पुढच्या महिन्यात वर आले.

आणि शेवटी चिठ्ठ्या. जुन्या वेळापत्रकांची मागची कोरी बाजू कापून तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा केलेला असतो. नवरा तिच्या टेबलाशी, बायको माझ्या टेबलाशी, एकमेकांकडे पाठ. कुठं जावंसं वाटतं आणि का, एवढंच लिहायचं. घडी घालून काचेच्या पेपरवेटखाली ठेवायचं. ताई दोन्ही वाचते आणि एकाचं दुसऱ्याला ताकास तूर लागू देत नाही. मग दोघांचं जुळेल असं काहीतरी शोधून काढते. चिठ्ठ्या कागदपत्रांच्या पाकिटात जातात आणि तिथंच राहतात.

एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांनी लिहिलं, समुद्र. बाईंनी लिहिलं, "जिथं यांचं बोलणं ऐकायला दुसरं कुणीतरी असेल असं कुठंही." ताईनं त्यांना समुद्राकाठच्या अशा खानावळीत पाठवलं, जिथं सगळे पाहुणे एकाच लांब टेबलाशी जेवतात. मास्तरांना आठ दिवस आठ श्रोते मिळाले. बाई परत आल्या त्या दहा वर्षांनी लहान होऊन. नुकतं लग्न झालेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "त्याला बेटावर जायचंय, पण त्याला ते परवडणार नाही. मी सांगितलं तर त्याला वाईट वाटेल." ताईनं त्या पोराला एवढंच सांगितलं, की या दिवसांत बेटावरची बोट चुकते आणि चार-चार तास धक्क्यावर बसावं लागतं. हे खरंच होतं. दोघं दोन तासांवरच्या जंगलात गेली आणि अजून दरवर्षी जातात, आता दोन लेकरं घेऊन.

दुसऱ्याची चिठ्ठी मात्र कुणी लिहायची नाही. हा ताईचा नियम. एक बडे व्यापारी म्हणाले होते, "हिची पण मीच लिहितो, हिला काय कळतंय!" ताईनं त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि गोड आवाजात म्हणाली, "मग एकटेच जा. एकाचं भाडं कमी पडतं." माझ्या मनात त्या दिवशी तिच्याबद्दल काय आलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. डोक्यावर बसेल.

आता गंमत अशी, की बर्फ, समुद्र, वाळवंट, यातलं ताईनं स्वतः काहीच पाहिलेलं नव्हतं. आधी सासूबाईंचं आजारपण, मग लेकीचं शिक्षण, मग लेकीचं लग्न, आणि मग तिचे स्वतःचेच गुडघे. सहलीहून आलेल्यांना ती खोदून खोदून विचारायची. खोलीतून जेवायला जाताना किती पायऱ्या? गरम पाणी किती वाजता येतं? उशा कशा आहेत? सगळं वहीत लिहून ठेवायची आणि त्याच्या जोरावर बोलायची. ती स्वतः गेलेलं ठिकाण एकच. दीड तासाच्या बसवर एक तळ्याचं गाव आहे, तिथं लग्नानंतर तीन दिवस ती आणि भाऊजी राहून आले होते. पत्रकात ते तळं निळंशार दिसतं. कुणी स्वस्त म्हणून त्यावर बोट ठेवलं की ताई ते पत्रक काढून घेते. "तळं घाण आहे. काठाला शेवाळ. बोटी गळक्या. खाटा रात्रभर करकरतात. जाऊ नका." बत्तीस वर्षांत तिनं तिथं एक माणूस पाठवला नाही.

भाऊजी लिफ्ट चालवायचे. चौदा मजल्यांची कचेऱ्यांची इमारत, तिच्यातली जुनी, दांडा फिरवून चालवायची लिफ्ट. पस्तीस वर्षं एका स्टुलावर बसून त्यांनी माणसं वरखाली नेली. "आमच्या घरात खरा प्रवास मीच केलाय," असं म्हणायचे, "फक्त रस्ता उभा होता." मजल्याचे आकडे ते बघायचेच नाहीत. दहावा मजला आला की पोटाला कळतो म्हणायचे, आणि लिफ्ट अशी नेमकी थांबवायचे की उंबऱ्यात कुणाची चप्पल अडकायची नाही. माणूस मऊ. त्यांना "नाही" म्हणता येत नाही, हा त्यांचा एकच दोष, आणि तो ताईच्या पथ्यावर पडला असं मी लग्नाच्या दिवसापासून म्हणत आलेय.

ते निवृत्त झाले आणि वर्षभरात कप बशीच्या बाहेर ठेवायला लागले. दाराची चौकट खांद्याला लागायची. ताईला वाटलं वेंधळेपणा, रिकामपण अंगावर आलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की नजर बाजूनं मिटत चाललीय. आत्ता बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतंय, वर्ष-दीड वर्षात तेही जाईल, उजेड तेवढा कळेल. ऑपरेशनचा उपयोग नाही. थेंब घालायचे म्हणजे जरा सावकाश जाईल, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात आली ती बसलीच नाही. भिंतीवरची सगळी पत्रकं खाली काढून जमिनीवर मांडली आणि मध्ये उभी राहिली. मी म्हटलं, "आवरायला काढलंस का?" ती म्हणाली, "त्यांनी काही पाहिलेलं नाही गं. पस्तीस वर्षं त्या डब्यात. आता वर्ष उरलंय. काय दाखवू सांग ना." मी खाली बसून तिच्याबरोबर पत्रकं लावत बसले.

चार दिवसांत तिचं ठरलं. बर्फाचे डोंगर. विमान, मग गाडी, मग वर न्यायला ती तारेवरची पाळणागाडी. मी खर्चाचा कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "ताई, हे पैसे कुठून?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आहेत." आहेत म्हणजे काय, ते मला माहीत होतं. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहा वर्षं साठवलेले. त्या गुडघ्यानं ती एकोणीस पायऱ्या रोज कशी चढते ते मी बघते; पाचव्या आणि बाराव्या पायरीवर थांबते आणि वर येऊन "आज जिन्यात गार वाटलं" असं सांगते. मी चिडले. म्हटलं, "बाजाराला शहाणपण शिकवतेस आणि स्वतःच्या गुडघ्याचे पैसे बर्फात घालतेस? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर जिन्यावरून खाली पाठवलं असतंस." ती म्हणाली, "तू तिकिटं काढ." मोठी बहीण आहे. काढली.

तिकिटं पाकिटात घालताना माझ्या हाताला दोन चिठ्ठ्या लागल्या. नियम म्हणजे नियम, स्वतःच्या सहलीलाही तिनं चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. दुसऱ्यांच्या मी कधी वाचत नाही, ताई नंतर सांगेल तेवढंच ऐकते, पण या माझ्या घरातल्या होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, "बर्फाचे डोंगर. त्यांना दिसतंय तोवर." दुसरीवर, "बर्फाचे डोंगर. लहानपणापासूनची इच्छा." आणि दोन्हींवर अक्षर एकच. तिचं. तो लांब शेपटीचा र मी शाळेपासून ओळखते.

"हे काय आहे?" मी चिठ्ठ्या तिच्यासमोर आपटल्या.

"त्यांना लिहायला त्रास होतो," ती म्हणाली.

"म्हणून तू लिहिलीस? विचारलंस तरी का?"

"विचारायचं काय त्यात? पंधरा वर्षं त्यांनी लिफ्टमध्ये बर्फाच्या डोंगराचं चित्र लावलं होतं. कॅलेंडर बदललं तरी ते चित्र काढलं नाही. मला माहीत नाही का माझ्या नवऱ्याला काय हवंय ते?"

"त्या व्यापाऱ्यालाही माहीतच होतं," मी म्हटलं. ते तिला लागलं. त्या दिवशी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि तिनं केलेला चहा मी गिळला कसाबसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. ताई ऑफिसात होती. भाऊजींनी दार उघडलं ते डोळे मिटून. मी घाबरले. ते म्हणाले, "अगं, सराव चाललाय. ये. तुझी चप्पल ओळखली मी." मग त्यांनी डोळे मिटूनच मला चहा करून दिला. ओट्यापासून टेबलापर्यंत चार पावलं, साखरेचा डबा डावीकडून तिसरा, कपाच्या कडेवर बोटाचं टोक ठेवलं की चहा कुठवर आला ते कळतं. एक थेंब सांडला नाही. मला काय वाटलं ते सांगते, मला रडू आलं, आणि त्यांना दिसत नाहीये म्हणून मी पुसलंही नाही.

"भाऊजी, तुम्हाला बर्फ बघायचाय का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. कप बशीत फिरवला. "ती किती खुशीत आहे," म्हणाले, "वहीत काय काय लिहिते, मला वाचून दाखवते. नाही कसं म्हणू?"

"तुम्हाला काय हवंय पण?"

"ते जाऊ दे."

"भाऊजी, मी तुमचं काय घोडं मारलंय? सरळ सांगा की."

"तुला सांगून काय उपयोग? सांगायचं तर तिलाच सांगायला हवं, आणि घरात ते माझ्या तोंडातून निघत नाही."

"मग घरात नका सांगू," मी म्हटलं, "ऑफिसात या. गिऱ्हाईक म्हणून. तुमची चिठ्ठी अजून लिहायची राहिलीय."

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तोवरच्या तीस वर्षांत भाऊजी आमच्या ऑफिसात एकदाही आले नव्हते. त्यांची लिफ्ट आणि आमचं ऑफिस एकाच वेळी उघडायचं आणि एकाच वेळी बंद व्हायचं. निवृत्त झाल्यावर येईन येईन म्हणत होते, तेवढ्यात डोळ्यांचं निघालं. खाली चौकापर्यंत त्यांना शेजाऱ्यांनी सोडायचं, पुढं ते एकटे येणार, असं आमचं ठरलं.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, जिन्यावर पाय वाजला. ताई माझ्यावर अजून फुगलेलीच होती, पण सवय ती सवय. तिनं पेन खाली ठेवलं.

"एकटाच आहे," ती म्हणाली. "वयस्क." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "गुडघे चांगले आहेत गं, पाय नीट उचलतोय. पण टेकवायच्या आधी चाचपतोय, ऐक. भिंतीला हात आहे. नजर अधू आहे बिचाऱ्याची."

मी उगाच तिकिटांची चळत सारखी करत म्हटलं, "मग अशा माणसाला काय द्यायचं?"

"बर्फबिर्फ मुळीच नाही," ताई पटकन म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात. "नवी जागाच नाही. तिथं तो दर पावलाला दुसऱ्याच्या हातात. ओळखीचं काहीतरी हवं, जवळचं, पुन्हा पुन्हा जाता येईल असं. म्हणजे पाय त्याचे त्याला..."

"एकोणीस," दारातून भाऊजी म्हणाले.

ताई उठली. उठताना गुडघा टेबलाला लागला, पण तिला कळलंही नसावं. भाऊजी दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून. अख्ख्या गावाची पावलं ओळखणाऱ्या बाईला नवऱ्याचं पाऊल ओळखू आलं नव्हतं, आणि ते तिला त्याच क्षणी समजलं, हे मी तिच्या तोंडावर पाहिलं.

मी भाऊजींना माझ्या टेबलाशी बसवलं, ताईकडे पाठ करून. जाड शिसाची पेन्सिल दिली. त्यांनी मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं, ओळी एकमेकींवर चढल्या, घडी घातली आणि हात पुढं केला. मी ती चिठ्ठी पेपरवेटखाली ठेवली. ताईनं उघडली. मी उठून तिच्या खांद्यावरून वाचलं. "तळ्याचं गाव. कारण ते मी पाहिलेलं आहे."

"अहो, ते घाण आहे," ताई म्हणाली.

"असू दे."

"आणि ते लिफ्टमधलं चित्र? पंधरा वर्षं लावलं होतंत ना?"

"त्याच्यामागं आरसा तडकला होता गं. साहेबलोक तक्रार करायचे, म्हणून झाकला."

मला हसू फुटलं. दोघांपैकी कुणी हसलं नाही, म्हणून मी ते खोकल्यावर नेलं.

"मग मला बोलला का नाहीत?" ताईचा आवाज चढला. "मी रोज वाचून दाखवत होते तेव्हा मूग गिळून बसलात!"

"तू विचारलंस कधी?" भाऊजी शांतपणे म्हणाले. "सगळ्या जगाला विचारतेस." मग खुर्ची तिच्याकडे वळवायला गेले, पाय चुकला, सावरले. "हे बघ. बर्फ मी एकदा बघीन. चांगला असेल. मग पुढं काय? पुन्हा तिथं जाणं होणार नाही, आणि गेलो तरी मला तिथलं काय कळणार? तळ्याच्या गावाचं थोडं थोडं आठवतंय मला. आत्ता उजेड आहे तोवर एकदा जाऊ. बसच्या थांब्यापासून खोली किती पावलं, खोलीपासून तळं किती, पायऱ्या कुठं, सगळं मोजून घेतो. चौदा मजले पाठ केले होते, तेवढं जमेल मला. मग पुढच्या वर्षी जाऊ. त्याच्या पुढच्याही वर्षी जाऊ. खर्चालाही जड नाही. तू मला शेवटचं काहीतरी दाखवायला निघालीयेस. मला शेवटचं काही नकोय गं."

ताई खाली बसली. पाकिटातून तिनं ती दुसरी चिठ्ठी काढली, त्यांच्या नावानं स्वतः लिहिलेली, आणि तिचे बारीक बारीक तुकडे केले. रडत होती, पण आवाज न करता, कारण तिला वाटलं त्यांना कळणार नाही. भाऊजींनी खिशातून रुमाल काढून अंदाजानं पुढं धरला. अंदाज वीतभर चुकला. ताईनं वाकून घेतला.

मग तिनं नाक पुसलं, कोरा अर्ज पुढं ओढला आणि विचारलं, "घरात गुडघे कोणाचे दुखतात?"

"बायकोचे," भाऊजी म्हणाले.

"बायको बरोबर येणार आहे की नाही?"

"ती नसेल तर मी पण नाही."

मी उठून खाली घड्याळवाल्याकडे गेले. मला काही काम नव्हतं. त्याला म्हटलं, माझं घड्याळ मागं पडतंय, बघ जरा. त्यानं बघितलं आणि म्हणाला, बाई, अगदी बरोबर चाललंय. मी म्हटलं, तरी बघ.

बर्फाची तिकिटं रद्द केली. थोडे पैसे कापले गेले, त्याचं खापर ताईनं माझ्यावर फोडलं, की तू तिकिटं काढायची घाई केलीस. मी ऐकून घेतलं. उरलेल्यात तिचा डावा गुडघा झाला, तळ्याच्या गावाहून आल्यावर दोन महिन्यांनी. त्या पहिल्या खेपेला भाऊजींनी चार दिवस नुसतं मोजलं. ताई सांगते, तळ्याकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही, पावलं आणि कठडे बघत फिरले, आणि शेवटच्या दिवशी तेवढे बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिले. "मी म्हटलं, काय बघताय? तर म्हणे, मोजतोय." हे सांगताना ती लाजते, या वयात.

यंदा त्यांची तिसरी खेप. मी बरोबर गेले, सामान उचलायला. हमाल स्वस्तात मिळाला म्हणून दोघं खूश. भाऊजींना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ताईचा नवा गुडघा चढायला पटाईत आहे, उतरायला घाबरतो, आणि उजवा आता कुरकुरायला लागलाय. बसमधून उतरलो. मी दोघांना हात द्यायला पुढं झाले, तर मला कुणी विचारेना. भाऊजींनी ताईचं कोपर धरलं आणि चालायला लागले. मी मागून पिशव्या घेऊन.

"थांब," ते म्हणाले, "इथून चार पायऱ्या उतरायच्या. तिसरी तुटकी आहे. उजवीकडे कठडा आहे, धर. नवा पाय आधी टाक." ताईनं टाकला. "हं. आता सपाट आहे तीस पावलं." तीस पावलांवर बाक होता. मी मोजली. अठ्ठावीस भरली, पण माझे पाय लांब आहेत.

बाकावर बसले दोघं. ऊन तिरकं झालं होतं आणि पाण्यावर पडलं होतं. भाऊजींनी तोंड तळ्याकडे केलं आणि विचारलं, "कसं आहे?"

मी आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सांगत आलेय आणि शिव्या खात आलेय. पण त्या वेळी माझ्या जिभेवर आलं होतं, की सुरेख आहे भाऊजी, निळंशार आहे. मी तोंड उघडणार, तोवर ताई बोलली.

"घाण आहे. काठाला हातभर शेवाळ आलंय. बोट एकच उरलीय, तीही बुडायच्या बेतात. पलीकडच्या काठाला कुणीतरी कपडे वाळत घातलेत. त्यात एक निळी चादर आहे. तिचा रंग पाण्यात पडलाय, तेवढं मात्र छान दिसतंय."

भाऊजी हसले, अगदी मनापासून. "दोन वर्षांपूर्वी दोन बोटी होत्या," म्हणाले. मग मान माझ्या बाजूला वळवली. "तू सांगितलं असतंस तर निळंशार म्हणाली असतीस ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

"म्हणून मी हिला आणतो."

"कोण कुणाला आणतंय ते घरी गेल्यावर बघू," ताई म्हणाली, आणि त्यांचं बोट धरून तिनं ते निळ्या चादरीच्या दिशेला वळवलं.